कमाल तीस मिनिटं

“उमेदवाराशी बोलायचं नाही. उमेदवारानं तुमच्याशी बोलायचं नाही. आणि तो हेडफोन तुम्ही कानाला लावायचा नाही, त्यातून प्रश्नपत्रिका ऐकू येते,” माहोरे मॅडम नियमांचा कागद वाचत होत्या. “काही सांगायचं असलं तर मला सांगायचं. समजलं?”

“समजलं मॅडम.”

बाहेरून कडी लागली. कडीवर कागदाची पट्टी चिकटवून कोणीतरी तिच्यावर सही केली, तेही दाराच्या काचेतून दिसलं. दहा वाजले होते. आता पेपर संपेपर्यंत दार उघडणार नव्हतं आणि आम्ही तिघं आत होतो: पर्यवेक्षक माहोरे मॅडम, उमेदवार विमल ढोरे आणि तंत्रज्ञ म्हणून मी.

अकोल्याचा एप्रिल. खोली म्हणजे राजूरकर सरांच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमधली एक केबिन. तीन खुर्च्या मांडल्यावर चौथीला जागा नाही. पंख्याच्या आवाजाचा त्रास नको म्हणून पंखा बंद ठेवलेला. एका मंडळाची लिपिक भरतीची परीक्षा होती. बाहेरच्या हॉलमध्ये साठ जण कॉम्प्युटरवर बसले होते आणि ही केबिन फक्त विमलताईंसाठी होती.

विमलताई जन्मापासून अंध. बावीस वर्षं त्या एका सूतगिरणीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. गिरणी बंद पडली तशी नोकरी गेली. या परीक्षेच्या वेळी त्यांचं वय चव्वेचाळीस होतं आणि मंडळाची वयाची अट पंचेचाळीस. पुढची भरती दोन वर्षांशिवाय निघायची नव्हती, त्यामुळे ही शेवटचीच. आधी दोनदा त्या लेखनिक घेऊन बसल्या होत्या. लेखनिक उमेदवाराहून कमी शिकलेला हवा असा नियम. दुसऱ्या वेळच्या मुलीला इंग्रजी प्रश्न धड वाचता येत नव्हते. तेव्हापासून ताईंनी मंडळाशी पत्रव्यवहार सुरू केला. दीड वर्षानं परवानगी मिळाली: पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर स्वतः आणायचं, हेडफोनमध्ये प्रश्न ऐकायचे आणि उत्तरं स्वतः टाईप करायची. आमच्या जिल्ह्यात असा पेपर देणाऱ्या त्या पहिल्याच.

दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी हात वर केला.

“मॅडम, आवाज तुटते. खरखर येऊन राहिली.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी हेडफोनची पिन काढून स्पीकर जोडला आणि विंडोजचा चाचणीचा आवाज वाजवला. स्वच्छ वाजला.

“मला तर ठीक वाटते,” मॅडम म्हणाल्या.

“मोठा आवाज नीटच वाजतो मॅडम. प्रश्न वाचायला लागला की प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला फाटते. पहिला शब्द जातो. तुम्ही ऐकून पाहा.”

मॅडमनी पिन परत लावायला सांगितली, नियमांचा कागद पुन्हा चाळला आणि पर्यवेक्षकाला ऐकायची मनाई नाही याची खात्री करून हेडफोन कानाला लावला. लगेच काढला.

“अहो, ही सगळीच खरखर आहे. मला एक अक्षर कळलं नाही.”

विमलताई हसल्या. “ते बरोबर आहे मॅडम. आम्ही इतक्याच वेगानं ऐकतो. सवय असते. त्याच्या मधात जी खरखर आहे ना, ती म्हणून राहिली मी.”

आणि तिथंच मला कळलं, आदल्या दिवशी मी काय करून बसलो होतो ते.

आदल्या दिवशी दुपारी ताई त्यांची सीडी घेऊन आल्या होत्या. सॉफ्टवेअर टाकलं, हेडफोन लावला, बोटं कीबोर्डवर भराभरा चालली. “छान चालून राहिलं सर,” म्हणाल्या. “आता याला कोणी हात नका लावू.” त्या पाच वाजता गेल्या. मी सहज म्हणून हेडफोन कानाला लावला, तर फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज. मला त्यांची कीव आली. भिडस्त बाई, तक्रार करायचं धाडस नसेल, असं वाटलं. मी पडलो इन्स्टिट्यूटचा हार्डवेअरवाला, वय सव्वीस, आणि माझ्या हातात जादू आहे असं अख्ख्या गल्लीचं आणि माझंही मत. साऊंड कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारी फाईल, मी काढून टाकली आणि इंटरनेटवरून त्याच्याहून नवी उतरवून घातली. तडतड काही जाईना. मग सॉफ्टवेअरमध्ये बोलण्याच्या गतीची पट्टी दिसली, ती खाली ओढली. आवाज शुद्ध, संथ, माणसासारखा झाला. एक गाणं वाजवून पाहिलं. झकास. राजूरकर सरांना जाऊन सांगितलं, “सर, बाईंचा कॉम्प्युटर फर्स्टक्लास करून ठेवला.”

म्हणजे जी खरखर नव्हतीच ती काढायला जाऊन मी खरी खरखर घालून ठेवली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं शहाणा मी आणि बैल दुसऱ्याचा.

“काय करता आता?” मॅडमनी विचारलं. त्यांच्यापुढे एक नोंदवही होती. “एकेक सांगत करा. काय काढलं, काय घातलं, कशासाठी. मला लिहावं लागते.”

त्यांनी खुर्ची माझ्या खांद्याशी ओढून घेतली. मी आवाजाची पातळी कमी केली. त्यांनी लिहिलं. विमलताईंनी ऐकून मान हलवली, नाही. आवाज घुमवणारी सोय बंद केली. नाही. एक पट्टी डावीकडे सरकवली. नाही. नेटवर्कचं कार्ड बंद करून मशीन पुन्हा सुरू केली. पुन्हा सुरू करायची म्हणजे मॅडमनी उत्तरं साठवायची, पेपर बंद करायचा, मशीन उठली की पाकिटातला पासवर्ड घालून पेपर परत उघडायचा. एका खेपेला दहा-बारा मिनिटं जात. अशा दोन खेपा झाल्या.

“आता?” मॅडम विचारत.

“नाही,” ताई म्हणत.

मला त्यांना विचारता येत नव्हतं की खरखर कमी आहे की जास्त, शब्दाच्या आधी येते की नंतर. मला स्वतःला ऐकता येत नव्हतं. माझा मोबाईल बाहेरच्या टेबलावर जमा होता आणि ड्रायव्हरची सीडी सरांच्या कपाटात. सीलबंद खोलीत बाहेरून काही घ्यायचं नाही, हा नियम क्रमांक नऊ. घाम कानामागून मानेवर उतरत होता आणि तो पुसायलासुद्धा मला भीती वाटत होती, मॅडम तेही लिहितील म्हणून.

अकराच्या सुमाराला ताई म्हणाल्या, “मॅडम, त्यांना दोन मिनिटं थांबू द्या. तोवर जमते तेवढं सोडवते मी.”

मी हात मागं घेतले. त्या एकेक प्रश्न चार-चार वेळा ऐकत होत्या. शब्द तुटला की परत मागं, परत पुढं. कपाळावर आठी नव्हती, पण डावा हात टेबलाची कड घट्ट धरून होता. पाच मिनिटांत दोन प्रश्न झाले. पेपर शंभर प्रश्नांचा होता.

तेवढ्यात खिडकीच्या जाळीवर टकटक झाली. राजूरकर सर.

“काय झालं मॅडम? हॉलमधले अर्ध्यावर आले.”

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. जागा एवढी कमी की जाळीशी बोलायला त्यांना आमच्याकडे पूर्ण पाठ करावी लागली. त्या सरांना सांगत होत्या की मला हे सगळं वर कळवावं लागेल, आणि सर म्हणत होते की कळवा ना, पण कसं कळवायचं ते आपण ठरवू. बोलणं तीन-चार मिनिटं चाललं. तेवढ्यात मी डी ड्राइव्ह उघडला, एका जुन्या फोल्डरमध्ये शिरलो आणि काम उरकलं.

“मॅडम, एकदा रिस्टार्ट करतो.”

मशीन उठली. पेपर उघडला. ताईंनी हेडफोन लावला आणि एक प्रश्न पूर्ण ऐकला.

“साफ आहे,” त्या म्हणाल्या. घड्याळात अकरा पंचवीस झाले होते.

“काय केलं?” मॅडमनी पेन उघडलं.

“जुनी फाईल सापडली. ती घातली.”

“मग आधी काहून नाही घातली?”

“आत्ता आठवलं मॅडम.”

त्यांनी तसं लिहून घेतलं.

मग एक वाजेपर्यंत नुसता कीबोर्डचा आवाज. इतक्या वेगानं टाईप करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मी भिंतीकडे बघत बसलो होतो आणि मनात एकच हिशेब चालला होता: सव्वा तास गेला.

एकला मॅडमनी पेपर थांबवला आणि बिघाडाचा छापील फॉर्म काढला.

“बिघाड केंद्राच्या यंत्रात असेल तर उमेदवाराला भरपाई वेळ देता येते,” त्या वाचू लागल्या. “कमाल तीस मिनिटं. बिघाड उमेदवारानं आणलेल्या साहित्यात असेल तर भरपाई नाही. कारण तंत्रज्ञानं लिहायचं आणि उमेदवारानं सही करायची.” फॉर्म त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

खिडकीशी सर उभेच होते. “लिव ना,” हळू आवाजात म्हणाले. “बाईच्या सॉफ्टवेअरचा घोळ. आपली मशीन खराब म्हटलं तर पुढच्या वर्षी केंद्र जाते आपलं. तुले लॅब इन्चार्ज करायचं चाललंय, ध्यानात हाय ना?”

मॅडमनी हे ऐकलं. ताईंनीही ऐकलं असणार, त्यांच्या कानातून काय सुटतंय. मी लिहिलं: उमेदवाराने आणलेल्या सॉफ्टवेअरमुळे आवाजात अडथळा. खाली सही केली. माझी सही तेव्हा लांबलचक होती, शेवटी दोन टिंबं. त्या दिवशी टिंबं द्यायची राहिली.

मॅडमनी ते ताईंना वाचून दाखवलं.

“मी सही नाही करत,” ताई म्हणाल्या. “मला माझं म्हणणं लिहायचं आहे. मशीनवर लिहिते, तुम्ही त्याचा कागद काढा.”

मॅडमनी कागद उलटा करून पाहिला. उमेदवारानं म्हणणं देऊ नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. ताईंनी दोन मिनिटांत टाईप केलं, रोमन अक्षरांत मराठी. प्रिंटर माझ्या मागंच होता. कागद निघाला.

“वाचा तुम्हीच,” मॅडम मला म्हणाल्या. “मोठ्यानं वाचा. मला ती इंग्रजी अक्षरातली मराठी पटकन वाचता येत नाही. आणि त्यांना ऐकून सही करायची आहे.”

मी वाचायला लागलो. “काल दुपारी पाच वाजता मी यंत्र तपासलं तेव्हा आवाज स्वच्छ होता. सॉफ्टवेअर तेच होतं. आज सकाळी पहिल्याच प्रश्नापासून आवाज तुटत होता. अकरा पंचवीसला केंद्राच्या तंत्रज्ञांनी जुनी फाईल घातल्यावर आवाज पुन्हा स्वच्छ झाला. सॉफ्टवेअर तेव्हाही तेच होतं. मला भरपाई वेळ मिळावी. आपली विश्वासू, विमल ढोरे.”

मी कागद टेबलावर ठेवला आणि पेन शोधू लागलो.

“मधली काही वाक्यं राहिली, सर,” ताई म्हणाल्या.

सकाळपासून पहिल्यांदाच त्या माझ्याशी बोलल्या. आवाज चढलेला नव्हता. गिरणीच्या फोनवर ‘जरा थांबा, जोडून देते’ म्हणावं, तसा होता.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. खिडकीतून सर पाहत होते. दाराला बाहेरून कडी होती. मला आयुष्यात इतकं कोंडल्यासारखं कधीच झालं नाही, ना त्याआधी ना त्यानंतर. मी कागद उचलला.

“आज सकाळी बोलण्याची गती कमी केलेली होती, ती मी परत वाढवून घेतली,” मी वाचलं. “इतकी कमी मी कधीच ठेवत नाही. म्हणजे काल मी गेल्यावर कोणीतरी यंत्राला हात लावला.”



“कोणी लावला?” मॅडमनी विचारलं.

“मी,” मी म्हणालो. “ड्रायव्हर मीच बदलला. मला वाटलं, खरखर आहे.”

राजूरकर सर खिडकीतून गेले. त्यांच्या चपलांचा आवाज हॉलपर्यंत जाईस्तोवर ऐकू आला. मॅडमनी माझ्या फॉर्मवर आडवी रेघ मारली, दुसरा फॉर्म घेतला आणि स्वतः लिहायला बसल्या. केंद्राचा बिघाड, भरपाई तीस मिनिटं. मग त्यांचं पेन एका रकान्यावर थांबलं.

“तंत्रज्ञानं चूक कशी मान्य केली, ते विचारलं आहे. स्वतःहून की उघडकीस आल्यावर. उघडकीस आल्यावर म्हटलं तर मंडळ तुम्हाला काढायला लावते. स्वतःहून म्हटलं तर नुसती ताकीद.”

मी तोंड उघडण्याआधीच ताई म्हणाल्या, “स्वतःहून लिहा मॅडम.”

मॅडमनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन मिनिटांपूर्वी काय झालं ते त्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं. मी खाली बघितलं. त्यांनी लिहिलं. ताईंनी सही केली, हेडफोन लावला आणि म्हणाल्या, “वेळ सुरू करा.”

त्या तीस मिनिटांत त्यांनी किती प्रश्न सोडवले ते मला माहीत नाही. दीड वाजला तेव्हा त्यांची बोटं एका प्रश्नाच्या मध्यावर होती. मॅडम म्हणाल्या, “थांबा,” आणि त्या थांबल्या.

माझी नोकरी राहिली. मंडळाचं ताकीदपत्र आलं. ते सरांनी ड्रॉवरमध्ये टाकलं आणि महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. पुढे माहोरे मॅडमनी कुठे कुठे सांगितलं असावं, कारण कॉलेजांमधून मला बोलावणी येऊ लागली. “तुम्हीच ना ते, ज्यांनी आपली चूक स्वतःहून सांगितली?” असं विचारून लोक चहा मागवत. मी चहा पीत असे.

जुलैत इन्स्टिट्यूटच्या फोनवर ताईंचा फोन आला.

“सर, यादी लागली म्हणतात इंटरनेटवर. घरात कोणी नाही वाचून सांगायला. पाहता का?”

मी पाहिलं. निवड यादीत त्यांचं नाव नव्हतं. खाली प्रतीक्षा यादी होती आणि तिच्यात त्या पहिल्या होत्या. निवड यादीतल्या शेवटच्या माणसाहून दोन गुण कमी. मी तसं सांगितलं.

“दोन,” त्या म्हणाल्या. “म्हणजे एक प्रश्न.”

“हो ताई. एका प्रश्नाला दोन गुण होते.”

“असू द्या. ते तीस मिनिटं नसते तर इथवर तरी कशी आली असती मी? तुम्ही कबूल केलं म्हणून भेटले ते. दुसऱ्यानं नसतं केलं.”

 

डी ड्राइव्हवरचा तो जुना फोल्डर मला अकरानंतर अचानक आठवला नव्हता. तो मीच बनवला होता, लॅबमधल्या सगळ्या मशीन भरताना, आणि त्यात काय आहे ते मला पाठ होतं. मॅडमनी ‘काय करता आता’ विचारलं तेव्हाच, साडेदहाच्या आधी, तो माझ्या डोळ्यांसमोर होता. पण मॅडम खांद्याशी बसल्या होत्या. जुनी फाईल घातली असती तर नवी कोणी घातली, केव्हा घातली, हे त्यांनी विचारलं असतं आणि लिहिलं असतं. म्हणून मी पट्ट्या सरकवत बसलो. मशीन दोनदा उगाच बंद करून सुरू केली. त्यांची पाठ वळायची वाट पाहत मी त्या बाईचा जवळजवळ तासभर घालवला, आणि भरपाई फक्त तीस मिनिटांची होती. एक प्रश्न त्यांना नीट ऐकू आला की अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. त्या एकट्याच ऐकत होत्या, खिडकीत सर नव्हते, समोर वही नव्हती, दार उघडं होतं.

“आणखी काही आहे का सर?” त्यांनी विचारलं. “यादीच्या खाली काही लिहिलंय का?”

“नाही ताई,” मी म्हणालो. “एवढंच आहे.”